बलवानाच्या अंगणात जाताना

आपल्या बेटावर फुटबॉलचा प्रत्येक मोठा सामना दोनदा खेळला जातो. एकदा मैदानावर, आणि त्याआधी एकदा ताबाजीच्या बाकावर. मैदानावरचा सामना नव्वद मिनिटांत संपतो. बाकावरचा आठ-आठ दिवस चालतो, त्यात पंच नसतो, आणि तेथे बसलेला प्रत्येक जण प्रशिक्षक असतो. या बाकावरच्या सामन्याला पुष्कळ लोक रिकामटेकड्यांची बडबड म्हणतात. आम्हांस मात्र तसे वाटत नाही. या लेखात त्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

गेल्या काही वर्षांत अशा कित्येक चर्चा आम्ही ऐकल्या. त्यांपैकी एक मनात घर करून राहिली आहे. ती नोव्हेंबर २०२३ मधील. २०२६ च्या विश्वचषकासाठी आफ्रिका खंडातील पात्रता सामने सुरू होणार होते. आपल्या गटात कॅमेरून, केप व्हर्दे, अंगोला, लिबिया आणि इस्वातिनी हे देश आले होते. आणि आपल्या क्लब एमचा पहिलाच सामना होता कॅमेरूनशी, तोही त्यांच्या घरी, दुआला शहरात. तारीख होती १७ नोव्हेंबर, वार शुक्रवार.

कॅमेरून म्हणजे कोण, हे वाचकांस सांगावयास नको. १९८४, १९८८, २०००, २००२ आणि २०१७ असा पाच वेळा आफ्रिका चषक जिंकलेला देश. १९९० साली विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलेला पहिला आफ्रिकी देश. २०२२ च्या विश्वचषकात ब्राझीलला १-० ने हरवणारा देश. त्यांचे खेळाडू युरोपातील मोठ्या संघांतून खेळणारे. आणि आपली मुले? त्यांतील कित्येक दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणारी.

त्या आठवड्यात आमच्या गावच्या ताबाजीत रोज संध्याकाळी गर्दी जमे. गरम गातो पिमा, चहाचे ग्लास, आणि मध्यभागी बाटल्यांची झाकणे. ही झाकणेच आपले अकरा खेळाडू. चर्चा अर्थातच क्रिओलमध्ये चाले. तिचा मथितार्थ येथे मराठीत मांडतो.

पहिला पक्ष होता आमच्या एका काकांचा. काका बसचे निवृत्त चालक. इंग्रजी खेळ-वार्ताहर दहाही खेळाडूंना गोलापुढे उभे करण्यास "बस उभी करणे" म्हणतात, हे सर्वांस माहीत आहेच. काका म्हणाले, "तीस वर्षे मी बस चालवली. बस कोठे उभी करायची ते मला विचारा. थेट गोलाच्या तोंडाशी! पाच जण मागे, चार जण त्यांच्या पुढे, एक बिचारा एकटा वर. एकही गोल होऊ द्यायचा नाही. शून्य-शून्य झाले तर दिवाळी पुन्हा साजरी करू." दिवाळी त्याच आठवड्यात होऊन गेली होती, म्हणून सगळे हसले.

दुसरा पक्ष आमच्या भाच्याचा. वय तेवीस. दर शनिवार-रविवार इंग्लंडचे सामने पाहणारा. तो तावातावाने म्हणाला, "काका, हे भित्र्यांचे फुटबॉल झाले. वर जाऊन त्यांच्या बचाव करणाऱ्यांना चेंडू खेळूच द्यायचा नाही. हरायचेच असेल तर ताठ मानेने हरू. दार लावून घरात बसून मार खाण्यापेक्षा अंगणात येऊन लढावे."

तिसरा पक्ष फारसा बोलत नव्हता, पण तो होता. तो म्हणत होता, "जायचेच कशाला? विमानाचे तिकीट वाया. चार-पाच गोल खाऊन परत येणार." या पक्षाला सदस्यांची उणीव कधीच पडत नाही.

आणि चौथी व्यक्ती म्हणजे ताबाजीच्या मालकीणबाई, आमच्या वहिनी. त्या गल्ल्यावर सुटे पैसे मोजत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "भाऊजी, दहाही जण मागे उभे राहिले, हे समजले. पण चेंडू आपल्याला मिळाल्यावर काय करायचे?"

बाकावर शांतता पसरली. काकांकडे उत्तर नव्हते. भाच्याकडेही नव्हते. आणि खरे सांगायचे तर, स्वतःला शिक्षक म्हणविणाऱ्या आम्हांकडेही नव्हते. आमच्या मते त्या आठवड्यात बेटावर विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता.

आता प्रथम काकांच्या मताचा विचार करू. कारण बचाव म्हणजे भित्रेपणा, ही समजूत आपल्या तरुणांत फार पसरली आहे. फळ्यावर गणित मांडावे तसे हे मांडता येते. आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान साधारणतः १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे ७,१४० चौरस मीटर जागा. गोलरक्षक सोडला तर ती राखावयास दहा माणसे. प्रत्येकाच्या वाट्यास ७१४ चौरस मीटर. एवढी जागा एकट्याने राखावयाची, तीही आपल्याहून वेगाने पळणाऱ्याविरुद्ध! हे अशक्य आहे. परंतु हीच दहा माणसे गोलापुढील ४० मीटर रुंद आणि ३० मीटर लांब पट्ट्यात एकत्र आली, तर जागा होते १,२०० चौरस मीटर. माणशी १२० चौरस मीटर. आता बलवानाचा वेग कामास येत नाही, कारण पळावयास जागाच उरत नाही. त्यास चेंडू बाजूने फिरवावा लागतो, दुरून मारावा लागतो, किंवा उंच टाकावा लागतो. यात भित्रेपणा कोठे आहे? हे साधे गणित आहे.

पण या गणिताची दुसरी ओळही लिहिली पाहिजे. आपण आपल्या गोलापासून तीस मीटरांत गोळा झालो, की समोरचा गोल तेथून सत्तर-पंचाहत्तर मीटर दूर जातो. चेंडू मिळाला तरी तो तेथवर नेणार कोण? घाबरून दूर फेकला, तर दहा सेकंदांत तो परत येतो. पुन्हा बचाव, पुन्हा धावाधाव. सत्तराव्या मिनिटास पाय जड होतात, मन थकते, आणि मग एका चुकीत सगळे संपते. वहिनींनी गल्ल्यावर बसून नेमके हेच विचारले होते. नुसती भिंत बांधून भागत नाही. भिंतीला एक खिडकी हवी, आणि ती कधी उघडावयाची हे आधी ठरलेले हवे.

भाच्याचे मतही सर्वथा टाकाऊ नाही. समोरच्याला श्वास घेऊ न देणे, हे उत्तम अस्त्र आहे. परंतु ते अस्त्र फार महाग आहे. दहा जणांनी एकाच क्षणी पुढे सरकावयाचे, एकानेही मागे राहावयाचे नाही, आणि हे नव्वद मिनिटे करावयाचे. त्यासाठी रोजचा एकत्र सराव आणि व्यावसायिक खेळाडूचा दम लागतो. इंग्लंडच्या संघांना ते परवडते. दिवसभर काम करून सरावाला येणाऱ्या मुलांकडून आपण ते नव्वद मिनिटे मागू नये. दहा मिनिटे मागावे. कोणती दहा, हे ठरवून मागावे. मध्यंतरानंतरची पहिली पाच आणि समोरच्याने बदली खेळाडू उतरविल्यानंतरची पाच, असे म्हणता येईल. म्हणजे काका आणि भाचा दोघेही थोडेथोडे बरोबर होते. फक्त त्यांचा वाद घड्याळ न पाहता चालला होता.

त्या संध्याकाळी एका गृहस्थांनी शिवाजी महाराजांचे नाव काढले. आपल्या लोकांत बलवानाविरुद्धच्या लढतीची गोष्ट निघाली, की महाराजांचे नाव निघणारच. ते म्हणाले, "आपण मराठे. गनिमी कावा आपल्या रक्तात आहे. तोच करावा." यावर आमचा भाचा, जो मराठी मोडकीतोडकी बोलतो पण इतिहास चांगला जाणतो, म्हणाला, "गनिमी कावा आपल्या डोंगरात चालतो. १६५९ साली अफझलखानाला जावळीच्या रानात, प्रतापगडाखाली यावे लागले. येथे तर आपण त्यांच्या मुलखात जाणार."

मुद्दा बिनतोड होता. त्या रात्री घरी आल्यावर आम्ही त्यावर बराच विचार केला, आणि मग लाल महालाची आठवण झाली. १६६३ साली शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसला होता. त्याच्याभोवती प्रचंड फौज होती. तो मुलूख तेव्हा त्याच्या ताब्यात होता. तरीही महाराज मोजकी माणसे घेऊन रात्री आत शिरले, खानाची बोटे कापली गेली, आणि गोंधळ उडताच मंडळी निघून आली. हे कसे साधले? धाडसाने साधले, असे आपण मुलांना सांगतो. ते खरे आहे, पण अर्धेच. महाराजांचे बालपण त्याच लाल महालात गेले होते. कोणते दार कोठे उघडते, हे त्यांना माहीत होते. आणि काम झाल्यावर क्षणभरही तेथे थांबावयाचे नाही, हेही आधीच ठरले होते. परक्याच्या ताब्यातील घरात शिरताना ज्ञान हीच ढाल होती.

आम्हांस जे म्हणावयाचे आहे, ते येथे येऊन ठेपते. बलवान मनुष्य दुबळ्याचा अभ्यास न करताही जिंकू शकतो. दुबळ्याला ती चैन परवडत नाही. त्याने बलवानाला, बलवान स्वतःला ओळखतो त्याहूनही अधिक ओळखले पाहिजे. बचाव करावा की चढाई, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे: गृहपाठ केला आहे काय? बचावात लाज नाही. चढाईत मूर्खपणाच असतो असेही नाही. लाज आहे ती अभ्यास न करता, "होईल ते होईल" म्हणत परक्या मैदानावर उतरण्यात.

हे आम्ही अधिकारवाणीने सांगत नाही. स्वतः चुकलो आहोत, म्हणून सांगतो.

शिक्षक प्रशिक्षण पूर्ण करून आम्ही नुकतेच एका माध्यमिक शाळेत लागलो होतो. मुख्याध्यापकांनी वयाने तरुण पाहून फुटबॉलचा संघ आमच्या हवाली केला. पहिलाच सामना एका मोठ्या, नावाजलेल्या कॉलेजच्या मैदानावर होता. त्यांची मुले उंच, त्यांचे गवत हिरवेगार, त्यांना वेगळा प्रशिक्षक. आम्ही आमच्या मुलांना बसमध्ये एवढेच सांगितले, "घाबरू नका. मनापासून खेळा. मजा करा." त्या वेळी हे वाक्य आम्हांस फार उदार वाटले होते.

सामना ८-० असा हरलो. पाचवा गोल झाल्यावर आमची मुले एकमेकांवर ओरडू लागली. सहाव्यानंतर ओरडेनाशी झाली, ते अधिक वाईट होते. परतीच्या बसमध्ये आमचा गोलरक्षक, चौदा वर्षांचा मुलगा, आमच्या शेजारी येऊन बसला. हातमोजे मांडीवर ठेवून त्याने विचारले, "सर, आम्ही काय करायला हवे होते?" तो तक्रार करीत नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. आणि आम्हांजवळ उत्तर नव्हते. "तू छान खेळलास," असे काहीतरी आम्ही बोललो. ते खोटे आहे, हे त्यालाही समजले.

पुढच्या सरावाला तो आला नाही. नंतरही कधी आला नाही. बोलावणे पाठविले, तर म्हणाला, अभ्यास फार आहे.

प्रशिक्षण महाविद्यालयात आम्हांस पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकविली होती. पाठटाचण लिहिल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवू नये. आजच्या तासाचे उद्दिष्ट काय, कोणत्या मार्गाने जावयाचे, मूल कोठे अडखळेल, आणि शेवटी ते साधले की नाही हे कसे पाहावयाचे. वर्गात आम्ही हे कटाक्षाने पाळत होतो. मैदानावर मात्र, जेथे मुलांना त्याची सर्वाधिक गरज होती, तेथे रिकाम्या हाताने गेलो. "मजा करा" हे पाठटाचण नव्हे. बलवानाच्या अंगणात आठ गोल खाताना कोणालाही मजा येत नाही.

दुसऱ्या वर्षी त्याच कॉलेजशी, त्याच मैदानावर सामना आला. या वेळी आम्ही आधी जाऊन त्यांचे दोन सामने कुंपणाबाहेरून पाहिले. त्यांचा उजव्या बाजूचा मुलगा नेहमी आत वळतो, त्यांचे बचाव करणारे कॉर्नरच्या वेळी पुढे जातात आणि परतताना चालत येतात, हे वहीत टिपले. मुलांना सांगितले, "पहिली वीस मिनिटे एकही गोल होऊ द्यायचा नाही, हे पहिले उद्दिष्ट. त्यांचा प्रत्येक कॉर्नर संपला की चेंडू डावीकडे लांब द्यायचा, हे दुसरे." पहिली वीस मिनिटे शून्य-शून्य गेली, तेव्हा आमची मुले जिंकल्यासारखी टाळ्या वाजवू लागली. सामना २-१ असा हरलो. आमचा तो एक गोल त्यांच्या कॉर्नरनंतरच झाला. परतताना बसमध्ये सगा चालू होता, खिडक्यांवर ताल धरला होता. चालकाने दोनदा मागे वळून पाहिले. त्याला वाटले असावे, ही मुले जिंकून आली आहेत.

पहिला गोलरक्षक मात्र त्या बसमध्ये नव्हता. तेवढी गोष्ट आम्हांस आजही टोचते.

आता पुन्हा मोठ्या मैदानाकडे वळू. दुआलाचा तो सामना आपण ३-० असा हरलो. शनिवारी ताबाजीत तिसरा पक्ष मोठ्या आवाजात बोलत होता: "सांगितले नव्हते का?" परंतु चारच दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, आपल्याच बेटावर क्लब एमने अंगोलाला ०-० असे रोखले. अंगोला काही लिंबूटिंबू संघ नव्हे. २००६ चा विश्वचषक खेळलेला देश. काकांनी त्या रात्री सगळ्यांना चहा पाजला. दिवाळी खरोखरच पुन्हा झाली.

आणखी एक गोष्ट पाहा. आपल्याच गटातील केप व्हर्दे. हा देश म्हणजे अटलांटिक महासागरातील काही बेटे. लोकसंख्या सुमारे पाच लाख, आपल्या निम्म्याहूनही कमी. जून २०२४ मध्ये हाच संघ कॅमेरूनच्या घरी गेला आणि ४-१ असा हरला. म्हणजे गोलांच्या फरकाने पाहिले, तर आपल्याइतकाच. त्या दिवशी त्यांच्याही गावांतून कोणीतरी "सांगितले नव्हते का?" म्हटले असेलच. पण त्यांनी त्या पराभवाची वही जपून ठेवली असावी. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅमेरून त्यांच्या घरी आले, तेव्हा त्यांनी १-० असा विजय मिळविला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते गटात पहिले आले, आणि बलाढ्य कॅमेरूनला मागे टाकून २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. समुद्राने वेढलेला छोटा देश असणे, हे कारण यापुढे आपण फार काळ पुढे करू शकणार नाही.

शेजारच्या कोमोरोसचेही उदाहरण घ्या. आफ्रिका चषकात जानेवारी २०२२ मध्ये त्यांचा सामना याओंदे येथे यजमान कॅमेरूनशी पडला. त्यांचा एकही गोलरक्षक खेळू शकत नव्हता. कोणी जखमी, कोणी कोविडमुळे बाजूला. शेवटी शाकेर अल्हादूर या बचावपटूला गोलात उभे केले. त्यात सातव्याच मिनिटास त्यांचा कर्णधार लाल कार्डामुळे बाहेर गेला. दहा माणसे, गोलरक्षक नाही, समोर यजमान. तरी सामना २-१ असाच हरले, आणि त्यांचा युसूफ म्चांगामा याने दुरून मारलेली फ्री किक थेट जाळ्यात गेली. दहा जण मागे राहून चेंडू मिळाल्यावर काय करावयाचे, या वहिनींच्या प्रश्नाचे हे एक उत्तर होते. दुबळ्या संघाला खेळाच्या ओघात संधी क्वचित मिळते. पण फ्री किक, कॉर्नर, लांब थ्रो या वेळी खेळ क्षणभर थांबतो, बलवानाचा वेगही थांबतो, आणि सर्व जण एका रेषेत येतात. हे क्षण सरावाने साधता येतात. त्यांस पैसा फारसा लागत नाही. वही, पेन्सिल आणि चिकाटी लागते.

आणि जो आज बलवान आहे, तोही एकेकाळी दुबळाच होता, हे विसरू नये. ८ जून १९९० रोजी मिलान येथे याच कॅमेरूनने मॅराडोनाच्या विश्वविजेत्या अर्जेंटिनाला १-० असे हरविले, तेव्हा त्यांचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले होते आणि सामना नऊ जणांनी संपविला होता. उलट बाजूही पाहा. १९७४ साली आपला मॉरिशस प्रथमच आफ्रिका चषकाच्या अंतिम फेरीत, ईजिप्तमध्ये गेला. आमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, वडीलधाऱ्यांकडून ऐकले. त्या गटात काँगोने आपल्याला २-० ने, गिनीने २-१ ने आणि झाईरने ४-१ ने हरविले. झाईर तो चषक जिंकून गेले. आणि तेच झाईर त्याच वर्षी जूनमध्ये विश्वचषकात युगोस्लाव्हियाकडून ९-० असे हरले. प्रत्येकाच्या अंगणापलीकडे आणखी मोठे अंगण असते. म्हणून हरण्याची लाज धरण्यात अर्थ नाही, आणि जिंकल्याचा गर्व धरण्यातही नाही.

आता बाकावरच्या आपल्या मंडळींना, म्हणजे आपणा सर्वांना, थोडे सांगावयाचे आहे. आमच्या भाच्याला लिव्हरपूलचे अकराही खेळाडू, त्यांचे बदली खेळाडू आणि कोणाचा गुडघा कधी दुखावला, हे तोंडपाठ आहे. त्या आठवड्यात आम्ही त्याला क्लब एमच्या डाव्या बचावपटूचे नाव विचारले. त्याला आले नाही. काकांनाही आले नाही. आम्हांसही आले नाही. आपण ज्यांच्याबद्दल आठ दिवस तावातावाने भांडत होतो, त्यांची नावेसुद्धा आपणांस माहीत नव्हती. बाटलीची झाकणे उगाच नव्हती.

याला इतिहास आहे. २३ मे १९९९ च्या सामन्यानंतर पोर्ट लुईमध्ये जे घडले, ते आपल्या पिढीने पाहिले आहे. सात निरपराध माणसे आगीत गेली. त्यानंतर बेटावरील क्लब फुटबॉल दीर्घकाळ थांबविण्यात आले, आणि जातीजमातींच्या नावांनी चालणारे जुने क्लब जाऊन विभागवार क्लब आले. ते आवश्यकच होते. परंतु त्या काळात जे प्रेक्षक मैदानावरून उठले, ते टीव्हीसमोर बसले, आणि पुष्कळसे अद्याप तेथेच बसून आहेत. जो बाक आम्ही वर वर्णिला, त्यावर त्या संध्याकाळी क्रिओल, मराठी, तमिळ, मुसलमान, सर्व घरांतली माणसे एका झाकणावरून वाद घालत होती. कोणी कोणाचा क्लब विचारीत नव्हते. आपला संघ परमुलखात बलवानाशी भिडणार असला, म्हणजे सारे बेट एकाच बाजूला बसते. ही लहान गोष्ट नाही. ती फक्त टीव्हीपुरती राहू नये, एवढेच आमचे म्हणणे.

त्यासाठी काय करावे? आमच्या अल्पमतीने तीन गोष्टी. एक, पुढच्या सामन्याआधी आपल्या अकरा खेळाडूंची नावे पाठ करावी. झाकणांवर लिहिली तरी चालतील. दोन, महिन्यातून एखादा रविवार मुलांना घेऊन बेटावरचा एखादा सामना प्रत्यक्ष पाहावयास जावे. मोकळ्या बाकांसमोर खेळणारा मुलगा दुआलाच्या गर्दीसमोर एकदम कसा उभा राहणार? तीन, मुलांचे संघ सांभाळणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी "मजा करा" एवढ्यावर थांबू नये. मोठ्या संघाशी सामना असेल, तर मुलांना एक लहान, मोजता येईल असे उद्दिष्ट द्यावे. पहिली वीस मिनिटे. एक कॉर्नर. दोन अचूक पास. हरलेल्या मुलाच्या हाती काहीतरी साधल्याची खूण असली पाहिजे. नाहीतर तो हातमोजे मांडीवर ठेवतो आणि पुन्हा घालत नाही.

अलीकडे सातवीच्या वर्गात एका मुलाने आम्हांस विचारले, "सर, हरणारच असू, तर जायचे कशाला?" ताबाजीतला तिसरा पक्षच जणू बाकावरून उठून वर्गात आला होता. वीस वर्षांपूर्वी अशा प्रश्नाला आम्ही "तू छान खेळलास" असले उत्तर दिले असते. या वेळी आम्ही फळ्यावर १०५ गुणिले ६८ लिहिले, आणि त्यालाच गुणाकार करावयास बोलाविले. मग दहाने भागावयास लावले. मग लहान चौकोन काढून पुन्हा भागावयास लावले. ७१४ आणि १२०. तो बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपण जवळजवळ उभे राहिलो, तर जमेल?"

जमेलच, असे आम्ही सांगितले नाही. प्रयत्न करता येईल, असे सांगितले. आणि वहिनींचा प्रश्न त्याला गृहपाठ म्हणून दिला. उत्तर अद्याप यावयाचे आहे. वाचकांपैकी कोणास सुचले, तर ताबाजीच्या बाकावर जागा आहे. चहा काका पाजतील.